देवीवरचं टोपलं

मेडशीच्या मागच्या डोंगरात एक भुयार आहे. त्यात बारा महिने पाणी असतं, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण ते पाणी पाहिलेलं माणूस आमच्या घरात कोणी नव्हतं. मायनं ते प्यायलेलं होतं. आत जाऊन पाहिलेलं नव्हतं.

मोठ्या दुष्काळात माय त्या डोंगराच्या पायथ्याशी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कामावरच्या बाया भुयाराच्या उतारावर जाऊन बसत. गावातल्या बाया आत शिरून घागरी भरून आणत, आणि आमच्या बायांच्या भांड्यांत वरून पाणी ओतत. घागरीला भांडं लागू देत नसत. आम्ही बौद्ध होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण पाणी अजून वरूनच यायचं. माय हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात राग नसायचा. मला यायचा, पण तिला नाही. तिला नवल असायचं ते पाण्याच्या थंडपणाचं.

"एवढ्या उनात बरफावानी लागे व," ती म्हणायची. "नद्या आटल्या, हिरी आटल्या, अन् ते पानी काही सरेना. कुठून येत असन?"

आमच्या घरात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. बाबांना वाटायचं डोंगरात मोठं तळं असेल. शेजारची म्हातारी म्हणायची, ते पाणी थेट पैनगंगेतून येतं. माय दोघांचंही ऐकून घ्यायची आणि पुन्हा म्हणायची, "कुठून येत असन?"

मी वाशीमला कॉलेजात जाऊ लागले. आमच्या घरातून शाळेच्या पुढे गेलेली मी पहिलीच. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि मला ते फार मोठं गाव वाटायचं. दुसऱ्या वर्षाला आम्हाला भूगोलाला एक नवीन बाई आल्या. अमरावतीकडच्या होत्या, वयानं आमच्याहून फार मोठ्या नव्हत्या. साडीवर कॅनव्हासचे बूट घालून यायच्या म्हणून मुलं हसायची, आणि बाई त्यांच्याकडे बघून स्वतःही हसायच्या. शिकत असताना त्या डोंगर चढायला जात, दोराला धरून उतरत, गुहांमध्ये शिरत. आम्हाला ते ऐकूनच कसंतरी व्हायचं. बाईमाणसानं हे कशासाठी करायचं, हा प्रश्न माझ्याही मनात यायचा. तो विचारायची हिंमत मात्र झाली नाही.

दिवाळीनंतर एक दिवस बाई वर्गात म्हणाल्या, "मेडशीकडे डोंगरात एक भुयार आहे. मुलींची एक तुकडी घेऊन मी आत जाणार आहे. कोण येणार?"

माझा हात माझ्या आधी वर गेला होता.

त्यांनी आम्हा निवडलेल्या मुलींना नंतर बाजूला बोलावलं. दार ओढून घेतलं. बाई त्या गावात आधीच जाऊन आल्या होत्या. भुयाराच्या तोंडाशी शेंदराची देवी आहे, आणि तिचं करणाऱ्या घरातली आजी गावातर्फे सगळं बघते. आजीनं परवानगी दिली होती, पण एक अट घातली होती. आत जाणारी प्रत्येक बाई मोकळी असली पाहिजे. म्हणजे पाळी चालू असलेली कोणी देवीसमोरून जायचं नाही.

"मला हे पटत नाही," बाई म्हणाल्या. "पण भुयार त्यांचं आहे, पाणी त्यांचं आहे. तेव्हा ज्यांना त्या दिवशी अडचण येण्यासारखी असेल, त्यांनी आत्ताच सांगा. लाजू नका."

मी बोटांवर हिशेब केला. माझ्याकडे अजून पुरेसा वेळ होता.

शनिवारी घरी गेले तेव्हा मायला सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. तिचं सूप हातातच थांबलं.

"त्या भुयारात? आत?"

"हो."

"मंग पानी कुठून येते ते पाहून ये," माय म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "नीट पाहून ये. मले सांगता आलं पायजे."

तिनं मला आजवर काहीच आणायला सांगितलं नव्हतं. वाशीमला जाताना दुसऱ्या मुलींच्या आया सुई, बांगड्या, वेणीचे गोंडे असं काहीबाही सांगत. माय काही सांगत नसे. म्हणून हे एक मागणं माझ्या मनात फार मोठं होऊन बसलं.

बाबा एवढंच म्हणाले, "बाई संग हायेत ना?" मग त्यांनी त्यांचा जुना पायजमा काढून दिला, कारण साडीत सरपटता येणार नाही असं बाईंनी सांगितलं होतं. मायनं माझी पिशवी भरली. तळाशी जुन्या लुगड्याची धुऊन मऊ केलेली फडकी, एक नाडी आणि कापसाची छोटी पुरचुंडी ठेवली.

"अजून वेळ आहे माय," मी म्हणाले.

"असू दे. ते काय सांगून येते?"

तो कापूस वेचणीचा होता. माय दिवसभर वेचायची, आणि घरी आल्यावर लुगड्याच्या ओटीला चिकटलेला कापूस झटकून एका गाडग्यात साठवायची. सरकी बोटांनी काढायची. लांब चालायचं असेल, शेतात दिवसभर वाकून राहायचं असेल, तर फडक्याच्या घडीत हा कापूस घालायचा, हे मला तिनंच शिकवलेलं. आमच्या घरात बाहेर बसायची पद्धत नव्हती. बौद्ध झाल्यावर बाबांनी जाहीर केलं होतं की विटाळ आता आपल्या घरात राहणार नाही. मायनं ते मान्य केलं. ती त्या दिवसांत स्वयंपाक करायची, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची. लोणच्याच्या बरणीला मात्र हात लावायची नाही. बाबा चिडवायचे, "बुद्ध चालते, पन लोनचं नाई चालत." माय म्हणायची, "लोनचं सडलं तं तुमी खाल काय?"

मेडशीला आम्ही सकाळच्या एसटीनं उतरलो. तिथून पायवाट. दोन्हीकडे कपाशी फुटलेली, आणि पुढे डोक्याइतक्या उंच तुरी, पिवळ्या फुलांनी लगडलेल्या. थंडी होती. बाई पुढे चालत होत्या, खांद्यावर दोराचं वेटोळं. माझ्याबरोबर रिसोडची माझी मैत्रीण होती. तिच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं, आणि ती तोंड बंद ठेवू शकत नसे. माझा पायजमा बघून ती गाडीतच म्हणाली होती, "अवो, तू तं सरपंच दिसून राह्यली. फक्त टोपी घाल."

मला हसू आलं होतं. आणि तेव्हाच कंबरेत एक ओळखीची ओढ आली होती. मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

तुरीच्या रानातून जाताना मात्र कळलं. मी मैत्रिणीला "थांब" म्हणाले आणि तुरीच्या आड गेले. जे वाटत होतं तेच होतं. मी तिथं उकिडवी बसून राहिले. डोक्यावर तुरीची फुलं आणि त्यांत मधमाश्यांचा आवाज. मला रडू आलं नाही. मायचा पाखडता पाखडता थांबलेला हात तेवढा डोळ्यांसमोर आला.

मैत्रीण तुरीत शिरली. तिनं माझ्याकडे पाहिलं, तिला सांगावं लागलं नाही.

"आज?"

"हो."

"कोणाले सांगू नको," ती लगेच म्हणाली. "म्हातारी काय पायजमा सोडून पाहणार हाये? मोकळी म्हणायचं अन् जायचं."

तिचं म्हणणं सोपं होतं आणि मला ते जवळजवळ पटलं. देवीची मला भीती नव्हती. आमच्या घरात ती भीती बाबांनी ठेवलीच नव्हती. भीती होती पाण्याची. ते पाणी गाव पीत होतं. सरपटताना फडकं सरकलं, काही सांडलं, पाण्यात काही गेलं तर? माझ्या आजीला, तिच्या आईला, गावच्या विहिरीपासून दूर उभं केलं होतं. त्यांच्या हातानं पाणी बाटतं असं सांगून. ते खोटं होतं, मला माहीत होतं. पण माझ्यामुळे ते पाणी खरोखरच घाण झालं असतं, तर मी कुणाला काय तोंड दाखवणार होते? हे मला तेव्हा इतकं नीट मांडता आलं नाही. मी नुसतं म्हणाले, "मी बाईंना सांगते."

बाई रागावल्या नाहीत. मैत्रिणीला त्यांनी वाटेवर राखणीला ठेवलं आणि माझ्याबरोबर तुरीच्या आड आल्या. आपल्या पिशवीतून त्यांनी झाकणाचा एक बिस्किटांचा डबा काढला. आत स्वच्छ फडकी होती आणि खताच्या गोणीच्या आतल्या प्लास्टिकचे कापून ठेवलेले तुकडे.

"दोराला लटकलेली असतानाही मला झालेलं आहे," बाई म्हणाल्या. "शरीराला आपण कुठं आहोत हे कळत नाही. त्याचं काम चालू राहतं."

शिकलेल्या बाईच्या तोंडून, दिवसाउजेडी, शेतात, असं बोलणं मी पहिल्यांदा ऐकत होते. बाईंनाही होतं, ही साधी गोष्ट मला कधी सुचलीच नव्हती. त्यांनी कसं बांधायचं ते सांगितलं. मायच्या कापसाची घडी आत, त्याखाली प्लास्टिक, मग नाडीला मागून पुढून घट्ट ओढलेलं फडकं, आणि वरून कासोट्यासारखा लांब पट्टा, म्हणजे सरपटताना काही हलणार नाही. मायची पुरचुंडी बघून त्या म्हणाल्या, "हा कापूस माझ्या सामानापेक्षा चांगला आहे." वापरलेलं फडकं डब्यात ठेवायचं, झाकण लावायचं, आणि परत घेऊन जायचं. आत काहीच टाकायचं नाही, कागदाचा कपटासुद्धा.

"आता अटीचं," त्या म्हणाल्या. "ते मी नाही ठरवणार. तुला आत जायचं आहे का?"

"हो."

"खोटं बोलून?"

मी मान हलवली. नाही म्हणून. बाईंनी एक सुस्कारा सोडला आणि आम्ही वाटेला लागलो.

भुयाराचं तोंड मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं. काळ्या दगडात, उतारावर, एखाद्या मोठ्या चुलीच्या तोंडाएवढं. त्याच्या उजव्या बाजूला शेंदूर फासलेला दगड, समोर फुलं आणि विझलेलं निरांजन. आजी तिथंच घोंगडीवर बसली होती. काष्टा घातलेलं हिरवं लुगडं, मोठं कुंकू. तिची सून थोड्या अंतरावर शेण्या गोळा करत होती.

आजी एकेकीला जवळ बोलवायची, कपाळाला शेंदराचं बोट लावायची आणि विचारायची, "मोकळी हायेस ना व?" मुलगी मान डोलवायची आणि पुढे सरकायची. मैत्रीण माझ्या पुढे होती. तिनं शेंदूर लावून घेतला आणि माझ्याकडे वळून डोळे मोठे केले. बोलू नको, असं सांगत होती.

माझा नंबर आला. आजीनं बोट पुढे केलं.

"मोकळी हायेस ना व?"

"नाई," मी म्हणाले.

आजीचं बोट तसंच हवेत राहिलं. मागे कुणीतरी श्वास घेतल्याचं मला ऐकू आलं.

"कवापासून?"

"आज सकाळीच."

"अन् मंग इथं काहून आली? खाली थांबायचं होतं."

"मले आत पाह्यचं होतं. मायनं सांगितलं होतं." आवाज बारीक झाला, पण निघाला. "पानी कुठून येते ते पाहून ये म्हणे."

आजीनं बोट लुगड्याला पुसलं. "कुठची होय तू?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"कोनाची?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. "आमी बौद्ध," मी म्हणाले. "दुष्काळात माय इथं कामावर होती. रस्त्याच्या."

"खडी फोडाले?"

"हो."

आजी उताराकडे बघू लागली. तिथं आता रस्ता होता, खडीचा, त्यावरून एक बैलगाडी चालली होती. आजी गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.

"आमी पानी देत होतो त्याइले," ती म्हणाली.

"हो. माय सांगते. लय थंड होतं म्हनते."

आजीनं देवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. मी पिशवी उचलायला वाकले, आणि तेवढ्यात आजीनं सुनेला हाक मारली.

"टोपलं आन व."

सुनेनं शेण्यांचं टोपलं रिकामं केलं, झटकलं आणि आणून दिलं. आजीनं देवीपुढची फुलं बाजूला केली, आणि ते टोपलं त्या शेंदराच्या दगडावर पालथं घातलं. नीट, सगळीकडून दाबून. दगड पूर्ण झाकला गेला.

आम्ही सगळ्या बघतच राहिलो.

"काय पाह्यता?" आजी म्हणाली. "दुष्काळात आमी असंच करत होतो. घरोघरी पानी इथलंच. घरात एक बाई, ते बाहीर बसली तं घागर कोन आनन? चार दिवस लेकरं तहानलेली ठेवाची काय? मंग बायाइनं ठरवलं. तशी कोनी बाई आली का टोपलं घालाचं. ते गेली का काढाचं."

मैत्रिणीला राहवलं नाही. "देवीले चालते काय आजी?"

"आमी पानी आनलं नसतं तं तिची आंघोळ कोन्या पान्यानं झाली असती?" आजी म्हणाली. "तिलेबी रोज लागे."

"आणि गावातली माणसं? त्यांनी काही म्हटलं नाही?" बाईंनी विचारलं.

"त्याइले कोनं सांगतलं?"

बाई मोठ्यानं हसल्या. आजीही हसली, दात नसलेलं. मग माझ्याकडे बघून तिनं हात हलवला. "जाय. तुह्या मायनं आतलं पाह्यलं नसन. पाहून ये." आणि मी तोंडाशी वाकले तेव्हा मागून म्हणाली, "पान्यात पाय घालू नोका कोनी."

ती अट माझ्यासाठी होती की सगळ्यांसाठी, मला आजही सांगता येणार नाही. ती म्हणाली 'कोनी', आणि बघत होती माझ्याकडे. मी ती पाळायची ठरवली.

आत शिरताना आधी हात, मग डोकं, मग सगळं शरीर पोटावर. डोक्याला टॉवेलचा फेटा, हातात बॅटरी. पुढे बाईंचे बूट, मागे मैत्रिणीचं पुटपुटणं. दगड थंड होता आणि, याचं मला नवल वाटलं, गुळगुळीत होता. बाहेरचा आमच्या डोंगरातला काळा दगड खरबरीत असतो, हात सोलतो. इथं तळ आरशासारखा घासलेला. बॅटरी जवळ धरली तेव्हा त्या गुळगुळीत दगडावर लांब ओरखडे दिसले, एकावर एक, सगळे आतबाहेर जाणारे. घागरींचे. पितळेच्या बुडानं काढलेले. भरलेली घागर पुढे ढकलत, पोटावर सरपटत, बाया या वाटेनं गेल्या होत्या. त्यांच्यातल्या काही तेव्हा आजच्या माझ्यासारख्याच होत्या, कासोट्यात कापूस घालून. मी त्यांच्याच वाटेनं चालले होते. फडकं हललं नाही. कासोटा घट्ट बसला होता.

एका जागी वाट इतकी अरुंद झाली की श्वास सोडल्याशिवाय पुढे जाता येईना. मला भीती वाटली. पोटात कळ आली. मी थांबले.

"काय झालं?" मागून मैत्रीण.

"काही नाई. दुखलं."

"सरपंचाले पोटात दुखते म्हनायचं काय?"

मला हसू फुटलं, आणि हसताना श्वास सुटला, आणि मी पुढे सरकले.

मग एकदम वरती काहीच लागेना. बाईंनी हात धरून मला उभं केलं. सगळ्या आल्यावर बाईंनी बॅटरी भिंतीवर फिरवली, आणि भिंत पेटली.

दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. आमच्या शेतातल्या बांधावर गारगोट्या सापडतात, एखादी फोडली तर आत पांढरे टोकदार दाणे असतात. लहानपणी आम्ही ते साखर म्हणून खेळायचो. इथं अख्खी भिंत त्या दाण्यांची होती. ज्वारीचं कणीस भरावं तशी, खालपासून वरपर्यंत, कुठं पांढरी, कुठं किंचित हिरवी. प्रत्येक दाण्यात बॅटरीचा उजेड वेगळा होता.

"पाणी कुठाय?" मी शेवटी विचारलं. हळू बोलले, तरी आवाज मोठा झाला.

"तू त्याच्यासमोर उभी आहेस," बाई म्हणाल्या.

मला काही दिसेना. खाली फक्त दगडाचा तळ होता, गारगोटीचे दाणे, काचेच्या बांगड्यांचे हिरवे तुकडे. मग वरून एक थेंब पडला आणि त्या तळावर एक वर्तुळ उठलं. तेव्हा कळलं की ते सगळं पाण्याखाली आहे. इतकं स्वच्छ पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. ते होतं आणि दिसत नव्हतं. बांगड्यांचे तुकडे पाण्याच्या तळाशी होते. घागर बुडवताना, दगडावर हात आपटून फुटलेल्या.

बाईंनी वर उजेड टाकला. छताला काजळी होती, दिव्यांची. आणि एक आडवी भेग, जिच्यात ओल होती. भेगेच्या काठाकाठानं थेंब लोंबत होते, आणि आपापल्या वेळेनं पडत होते.

"इथून," बाई म्हणाल्या. "हा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा आहे. एकावर एक, खूप जुने. पाऊस वरच्या थरात मुरतो, फटींतून उतरतो, फार हळू. खालच्या घट्ट थरावर आला की थांबतो आणि बाजूनं झिरपतो. आज पडणारा थेंब कधीच्या पावसाचा आहे, मला सांगता येणार नाही. या वर्षीचा तर नक्की नाही."

"म्हणजे दुष्काळात होतं ते पाणी?"

"ते आधीच्या कुठल्यातरी चांगल्या सालाचं."

मी तिथं खाली बसले, पाण्यापासून थोडं मागे. हे माझ्या डोक्यात मावत नव्हतं. सगळं रान जळालेलं असताना माय जे पाणी प्यायली, ते मी लहान असताना, किंवा माझ्याही आधी पडलेलं होतं. तो पाऊस पडला तेव्हा त्याला कुणी मोजलं नसेल. तो या दगडात उतरत राहिला होता, अंधारात, आणि बरोबर त्या उन्हाळ्यात मायच्या भांड्यापर्यंत पोचला.

"आता बॅटऱ्या बंद करा," बाई म्हणाल्या. "घाबरू नका. मी इथेच आहे."

एकेक बॅटरी बंद झाली. असा अंधार खेड्यातल्या मुलींनीही पाहिला नव्हता. आमच्याकडे अमावस्येलाही चांदण्या असतात. इथं डोळे उघडे काय नि मिटलेले काय, काही फरक नव्हता.

"मले माहा हातच दिसून नाही राह्यला," मैत्रीण कुजबुजली. यावेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

मग फक्त थेंब. एक इथं, एक तिथं, मध्ये मोठी शांतता. कंबर दुखत होती. मी श्वास धरून थेंब ऐकत होते, आणि ऐकता ऐकता मला माझं शरीरही ऐकू आल्यासारखं झालं. तेही अंधारातच होतं, तेही कुणाला न विचारता आपल्या हिशेबानं चाललं होतं. मला त्याची लाज वाटायची. त्या क्षणी मला त्याचं नवल वाटलं, भिंतीचं वाटलं तितकंच. मी हे लिहिताना थोडी संकोचते, कारण असं वाटणं खरं की तेव्हाच्या घाबरण्यातून आलं, मला ठरवता येत नाही. पण वाटलं ते असंच वाटलं.

मी पाण्याला हात लावला नाही. पाय घातला नाही. आजीला दिलेलं मनातलं वचन पाळत होते. आणि तेवढ्यात वरून एक थेंब सुटला आणि बरोबर माझ्या कपाळावर पडला. शेंदराचं बोट जिथं लागलं नव्हतं तिथं. इतका थंड की मी दचकले. तो नाकावरून ओठांपर्यंत उतरला. मी तो पुसला नाही.

बाहेर आलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. आम्ही सगळ्या धुळीनं आणि चिखलानं माखलेल्या. आजी तिथंच होती. तिनं मुली मोजल्या नाहीत, फक्त विचारलं, "निंघाल्या सगळ्या?" शेवटची मुलगी बाहेर आल्यावर तिनं टोपलं उचललं, फुलं परत पुढे ठेवली, आणि दगडाकडे तोंड करून, घरातल्या कुणाला सांगावं तसं म्हणाली, "गेल्या पोरी."

मग माझ्याकडे वळली. "पाह्यलं?"

"पाह्यलं."

"मायले सांग," ती म्हणाली. एवढंच.

घरी पोचले तेव्हा माय चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "आली होती ना पाळी?"

"तुला कसं कळलं?"

"चालन्यावरून. कापूस कामी आला?"

"आला. बाई म्हणाल्या, त्यांच्या सामानापेक्षा चांगला आहे."

माय खूश झाली, पण दाखवलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली. "मंग? आत सोडलं तुले?"

मी टोपल्याचं सांगितलं. माय ऐकत राहिली, आणि भाकरी एका बाजूनं काळी झाली. आमच्या घरात भाकरी कधी जळत नसे.

"आमाले नाई सांगतलं त्या बायाइनं," ती म्हणाली. "आमी तं समजत होतो मोकळ्याच जात असतीन आत." मग हसली. तोंडाला पदर लावून, बराच वेळ. मी तिला असं हसताना क्वचितच पाहिलं होतं.

"पानी कुठून येते?" तिनं मग विचारलं.

मी जमिनीवर काड्यांनी दगडाचे थर मांडून दाखवले. पाऊस कसा मुरतो, कसा उतरतो, भेग कुठं आहे. गारगोटीची भिंत सांगितली, घागरींचे ओरखडे सांगितले, बांगड्यांचे तुकडे सांगितले. मी अडखळत सांगत होते, बाईंइतकं नीट येत नव्हतं. माय काड्यांकडे बघत होती.

"म्हंजे ते जुनं पानी होतं," ती शेवटी म्हणाली. "आमी प्यालो ते."

"हो. तू खडी फोडत होतीस त्याच्या कितीतरी आधीचं."

"अन् तू हात लावला?"

"नाही. आजी नाही म्हणाली होती. पण वरून पडलं माझ्या अंगावर. एकच थेंब."

"कुठं?"

मी कपाळ दाखवलं. मायनं पिठाचा हात लुगड्याला पुसला आणि ते बोट माझ्या कपाळावर ठेवलं, दोन्ही भुवयांच्या मध्ये, थोडं वर. ते तिथंच राहू दिलं.

"थंड होतं ना?"

"लय थंड."

"तसंच होतं," माय म्हणाली.